फाटका आवाज, जळकी साल

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रविवारची संध्याकाळ, हवेत बऱ्यापैकी गारठा, आणि मी परसातल्या पेरूखाली खुर्ची टाकून गिटार वाजवत बसलो होतो. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढलेली, आवाज मोठा करणारा छोटा अॅम्प धुण्याच्या दगडावर. डीप पर्पल या रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ या तळ्यावरच्या धुराच्या गाण्याची सुरुवातीची ओळ जगातला प्रत्येक नवशिका आधी वाजवतो, तीच मीही वाजवत होतो. गिटारच्या दांड्यावरच्या सहाव्या पट्टीवरून, म्हणजे फ्रेटवरून, पाचव्यावर येताना बोट हमखास अडखळतं, म्हणून पुन्हा पुन्हा. मध्येच मान वर केली तर भिंतीपलीकडे अप्पांचं डोकं. कानटोपी, नाकावर घसरलेला चष्मा. बराच वेळ उभे असावेत. मी हात थांबवला तसे म्हणाले, "काय भो, आवाज फाटून राह्यला ना. स्पीकर गेला वाटते. आण इकडे, पाहून देतो."

मी "आणतो अप्पा" म्हणालो, अॅम्पचं बटण शून्यावर आणलं आणि गुपचूप सामान आवरून आत गेलो. पण ते वाक्य काही आत यायचं थांबेना. टोमणा असता तर सोपं होतं. पन्नाशी उलटल्यावर इलेक्ट्रिक गिटार हातात घेतलेल्या माणसाला टोमण्यांची सवय असते. ऑफिसात "साहेब, केस कधी वाढवताय?" होतं, नात्यातल्या लग्नात "ऑर्केस्ट्रा आपल्याच घरचा" होतं, आणि मेव्हणा तर भेटला की हवेतच तारा छेडून दाखवतो. ह्या सगळ्यांना तोंड भरून हसता येतं. अप्पा मात्र मदत करायला निघाले होते. भुसावळात स्टेशनरोडला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आधी काचेच्या व्हॉल्व्हचे मोठाले रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही. मोबाइल आल्यावर त्यांनी शटर ओढलं. खरखर काढणे, घरघर घालवणे, फाटलेला आवाज नीट करणे, यावर त्यांनी तीन मुलं शिकवली. त्या माणसाला मी कसं सांगणार होतो, की अप्पा, हा आवाज फाटावा म्हणून मी जास्तीचे पैसे मोजलेत?

कारण फाटणं हेच तर त्यातलं सगळं आहे. गिटारची तार पोलादी. तिच्याखाली लोहचुंबक, आणि चुंबकाभोवती केसाएवढी बारीक तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली. पोलादी तार थरथरली की त्या गुंडाळीत नखभर वीज उमटते आणि अॅम्प ती मोठी करतो. इतकं सोपं, आमच्या वीज खात्याच्या धंद्यातलंच. १९३२ साली बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे लांब दांड्याची गोल अॅल्युमिनियमची वस्तू होती. दिसायला इतकी स्वयंपाकघरातली, की लोकांनी तिला फ्राइंग पॅन हेच नाव ठेवलं आणि ते टिकलं. तेव्हा धडपड होती ती आवाज मोठा आणि स्वच्छ करण्याची. बँडच्या गलक्यात गिटार ऐकूच जायची नाही. पुढे कुणीतरी अॅम्पला झेपेल त्याहून जास्त रेटलं आणि लाटेचे माथे छाटले जाऊ लागले. गोल लाट चौकोनी होते, तिच्यात मुळात नसलेले वरचे सूर शिरतात, आवाज खरखरीत, दाट, जरा रागावलेला येतो. १९६४ मध्ये किंक्स नावाच्या इंग्लिश बँडातल्या पोरगेल्या गिटारवाल्यानं, डेव्ह डेव्हिसनं, आपल्या छोट्या अॅम्पच्या स्पीकरचा कागद चक्क दाढीच्या ब्लेडनं चिरला, आणि त्या चिरलेल्या स्पीकरवर वाजवलेलं गाणं तिथं पहिल्या नंबरावर गेलं. हे मला पाठ आहे. अप्पांना सांगायला मात्र जीभ वळत नव्हती.

सत्तरच्या दशकातली असली गाणी आमच्यापर्यंत आली तीच मुळात फाटकी. नव्वद सालच्या आसपास मी पुण्यात होस्टेलवर होतो, तेव्हा खोलीतल्या अमरावतीच्या मित्राकडे एक कॅसेट होती. कुणाच्या तरी कॅसेटवरून भरलेल्या कॅसेटवरून भरलेली. एका बाजूला लेड झेपेलिन, दुसऱ्या बाजूला पिंक फ्लॉइड, आणि शेवटी जागा उरली म्हणून कुणीतरी भरलेली भीमसेनांची अर्धी मैफल. पहिल्यांदा लावली तेव्हा आम्ही दोघांनी टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. तरी तेच. मग पेन्सिल घालून टेप घट्ट केली. तरी तेच. तिसऱ्या चौथ्या खेपेला कधीतरी लक्षात आलं, की खरखर कॅसेटची आहे पण ओरखडे त्या माणसाच्या हातातले आहेत. शब्द कळत नव्हते. खरं सांगायचं तर आजही निम्मे कळत नाहीत. पण पोटात कुठंतरी ते लागायचं. मुंबईत रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक नावाचा रॉकचा जलसा व्हायचा, त्याच्या गोष्टी मुंबईची मुलं सांगायची आणि आम्ही तोंडाचा आ करून ऐकायचो. आपण जाऊ असं मनातसुद्धा आलं नाही. सुट्टी लागली की महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून थेट घर. घरी गहू काढायला आलेला असायचा.

म्हणून ‘तारुण्य परत आणायला निघालाय’ असं कुणी म्हटलं की मला ते लागूच होत नाही. परत काय आणू? माझ्या तारुण्यात ह्यातलं काहीच नव्हतं. नोकरी लागली, वीज मंडळाच्या खांबांवर चढलो, लग्न, मुलगी, बहिणीचं लग्न, घराचे हप्ते. २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले ते मी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं, सबस्टेशनच्या टेबलावर, डबा खाता खाता. गिटार आली तीही वारसाहक्कानं उलटी, म्हणजे लेकीकडून बापाकडे. तिनं कॉलेजात हौसेनं घेतली आणि नोकरीसाठी बेंगळुरूला जाताना माळ्यावर टाकली. माळा झाडताना मी ती खाली काढली. डाव्या हाताच्या बोटांची टोकं सुजली, मग सोलवटली, मग त्यांना घट्टे पडले. फ्रोझन शोल्डरच्या डॉक्टरांनी विचारलं, हल्ली काही नवीन व्यायाम? मी हो म्हणालो. चाळशी लावली की फ्रेट दिसतात पण यूट्यूबवरचा मास्तर धूसर होतो, काढली की उलटं. पण एक ऐश आहे. या वयात कुणी आपल्याला परीक्षेला बसवत नाही. वाईट वाजवलं तरी चालतं.

धुराचं प्रकरण याच्याच जोडीनं आलं.

थंडी पडली की आमच्याकडे भरीत पार्ट्या सुरू होतात हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. चंपाषष्ठी झाली की वांग्यावरची बंदी उठते आणि मग होळीपर्यंत दर शनिवार-रविवारी कुणाच्या तरी मळ्यातून धूर निघत असतो. आमचा चौघांचा कंपू आहे: मी, सावद्याचा केळीवाला मित्र, एक हायस्कूलचे मास्तर, आणि एक मालगाडीवरचे गार्ड. रेल्वेनं २०२२ पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायला सुरुवात केली, पण आम्ही त्यांना गार्डसाहेबच म्हणतो आणि त्यांनाही तेच आवडतं. वांगी बामणोद गावची, त्यावर चर्चा नाही. हिरवट, पांढऱ्या रेघांची, हातात धरली की भरल्यासारखी पण बी कमी. २०१६ मध्ये जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सावद्याच्या मित्रानं पेढे वाटले होते. त्याच वर्षी केळीलाही मिळालं, त्याचे वाटले नाहीत. म्हणाला, केळीचं घरचं आहे, वांग्याचं कौतुक आहे.

जाळ पऱ्हाट्यांचाच हवा. कापूस वेचून झाला की उपटून बांधावर रचलेल्या त्या काड्या, टणक, बोटांएवढ्या जाड, वर अजून एखाददुसरं बोंड चिकटलेलं. एक थर काड्या, वर तेलाचा हात फिरवलेली वांगी, वर पुन्हा काड्या. पेटल्या की भडकतात, निखारा फारसा धरत नाहीत. चटचट आवाज होतो आणि बोंडातल्या उरल्यासुरल्या कापसाचा भपकन जाळ होऊन जातो. वांग्याची साल आधी चकाकते, मग सुरकुतते, मग तिला भेग पडून आतून वाफेची शिट्टी निघते. त्या शिट्टीकडे कान हवा. नवखा माणूस तिथंच वांगं बाहेर ओढतो. साल काळी ठिक्कर होऊन हाताला लागली की राखेसारखी सुटली पाहिजे, तोवर ढळायचं नाही. मग परातीत घेऊन वर पातेलं पालथं घालायचं, की धूर आत मुरतो. सोलताना चटके बसतात. पाण्यात बोटं बुडवायची आणि सोलायचं, देठ ठेवायचा. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण लाकडी बडजीत ठेचून त्यात वांगी घालायची, मुसळीनं घोटायची. मग कांद्याची पात, कोथिंबीर, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे आणि वरून मोकळ्या हातानं तेल. केळीच्या पानावर भरीत, शेजारी कळण्याची पुरी. त्या भरतात जळकेपणा उतरला नसेल तर ते नुसतं उकडलेलं वांगं. गॅसवर भाजलेल्या वांग्यात सगळं असतं आणि तेवढंच नसतं. स्वच्छ आवाजातली इलेक्ट्रिक गिटार ऐकताना मला नेमकं तेच वाटतं.

गेल्या वर्षापासून ह्यात बार्बेक्यूची भर पडली. फॅब्रिकेशनवाल्याकडून जुना पिंप उभा कापून, चार पाय जोडून, वर सळयांची जाळी करून घेतली. बाभळीचा कोळसा. मटण, पनीर, मक्याची कणसं. आमच्या घरात मटण शिजत नाही, पण परसात शिजतं; वडिलांच्या वेळेपासून त्याची तीन दगडांची चूल वेगळी, पातेलं वेगळं, आणि रांधणारे पुरुष. तेव्हा घरामागे विस्तव करून पुरुषांनी मांस भाजायचं हे अमेरिकेतून शिकायची गरज नव्हती. आम्ही फक्त उभं राहून भाजायला शिकलो. माझं स्पष्ट मत विचाराल तर सळईवरचं मटण मला अजून अर्धवट वाटतं. काळा मसाला चोळून रात्रभर ठेवलं तरी मसाल्याला रस्सा लागतो, त्याशिवाय तो बोलत नाही. मास्तरांना हे पटत नाही. ते दोन्ही खातात.

आईला ह्यातलं काही पटत नाही. ती आता ऐंशीपुढची. ओसरीवर बसून आमची लगबग पाहते. एकदा वारा फिरला, सगळा धूर ओसरीवर गेला, आणि मी धावत जाऊन तिची खुर्ची आत घ्यायला लागलो. ती म्हणाली, "राहू दे. सवय आहे मले. आमचा जलम धुरात गेला, आन् तुम्ही इकत घेऊन ऱ्हायले धूर." मी हसलो, ती हसली नाही. मला तिची यावलकडची चूल आठवते. पावसाळ्यात ओल्या काड्या, फुंकणी, फुंकून फुंकून लाल झालेले डोळे, पदरानं पुसायचे आणि पुन्हा फुंकायचं. गॅसचा नंबर लागला त्या दिवशी तिनं सिलेंडरला कुंकू लावलं होतं. भिंतीवरची काजळी खरवडून चुना दिला आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती स्वयंपाकघराच्या दारात उगाच उभी राहून पांढऱ्या भिंतीकडे पाहायची. तिला धुराची चव विचारणं म्हणजे काय विचारणं आहे, हे मला तेव्हा जरा लागलं. तरी पुढच्या रविवारी पऱ्हाट्या आणल्याच.

मी जन्मलो १९७२ साली, दुष्काळात. आई मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन होती. त्या ज्वारीला एक ओशट वास यायचा म्हणते. ज्या तबकड्यांवर माझा आज जीव आहे त्या जवळजवळ सगळ्या त्या दोन-तीन वर्षांतल्या. १९७१च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो गावात एका कार्यक्रमात कुणीतरी छताकडे फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याची जळती गोळी, झाडली, कसिनो जळून गेला आणि धूर तळ्यावर पसरला. डीप पर्पलनं ते खिडकीतून पाहिलं आणि गाणं केलं. १९७२च्या ऑक्टोबरात झेपेलिनचे गिटारवाले पेज आणि गायक प्लांट मुंबईत येऊन तिथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत बसले होते. त्याच ऑक्टोबरात वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मुंबई भुसावळहून रात्रभराच्या अंतरावर. ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की मला काय वाटायला हवं ते ठरत नाही. अपराधी वाटत नाही, खोटं कशाला बोलू. पण आई ओसरीवर असली की मी आवाज थोडा कमी करतो.

विजेचं एक सांगायचं राहिलं, आणि ते माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही म्हणून सांगतो. आमच्या परसामागे कॉलनीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आहे. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो हे सगळ्यांना माहीत असतं. कुठल्या सुरात, ते कुणी विचारत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मरचा गाभा एका आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं तर ‘जी’ येतो, ९८ हर्ट्झचा. म्हणजे डीपी आणि मी जवळजवळ एका सुरात, फरक दोनाचा. रात्री दहानंतर कॉलनी शांत झाली की मी ती एकच तार छेडतो आणि लांबू देतो. डीपीच्या आवाजाशी तिची गाठ पडते आणि हवेत एक हेलकावा उभा राहतो, सेकंदाला दोन झोके, वाढतो-ओसरतो, वाढतो-ओसरतो. अमेरिकेत ६० हर्ट्झ. त्यांची डीपी १२०वर, दोन सुरांच्या बरोबर मध्ये, कुठल्याच पट्टीत धड बसत नाही. आणि गंमत पुढेच आहे. नव्वदीत विजेची ओढाताण होती तेव्हा ग्रिडची फ्रिक्वेन्सी सारखी खाली यायची, ४९ला टेकायची. ४९ दुणे ९८.

टंचाई होती तेव्हा अख्खा खान्देश सुरात होता.

तेव्हा अर्थात कुणाला गाणं सुचत नव्हतं. केळीला पाणी द्यायला रात्री दोनला लाइट यायची, शेतकरी बॅटरी घेऊन मळ्यात, आणि सबस्टेशनचा फोन उचलला की पहिल्या शब्दापासून शिव्या. त्या माझ्या वाट्याच्या होत्या आणि मी त्या ऐकल्या. शिव्या देणाऱ्याच्या केळी मी डोळ्यांनी करपताना पाहत होतो. त्या काळात कुणी म्हणालं असतं, की तू एक दिवस विजेवर चालणारं वाद्य घेऊन डीपीच्या मागे बसून मजा करशील, तर मी त्यालाच शिव्या दिल्या असत्या.

अप्पांना मी अखेर जानेवारीत सांगितलं. अॅम्प उचलून त्यांच्याकडे नेला, त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बटण फिरवून दाखवलं: इथं स्वच्छ, इथं फाटका. ब्लेडची गोष्टही सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "येडा होता का तो? स्पीकर महाग असतो." आणि थोड्या वेळानं आपणहून बोलायला लागले. म्हणाले, रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाताळात डान्स व्हायचा. तेव्हा भुसावळात अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड पुष्कळ. त्यांची पोरं गिटार वाजवायची, इलेक्ट्रिकच. अॅम्प काय असणार, जुन्या रेडिओग्रामचीच कापाकापी. ते फुल्ल ठेवून वाजवायचे आणि आवाज फाटला की अप्पांना बोलावणं यायचं. सायकलवर पेटी घेऊन जायचे, मागच्या दारानं आत. "मी नीट करून द्यायचो, अन् घंट्याभरात ते पुन्हा फाडायचे. मले वाटे ह्यांले वापरता येत नाही." थांबले. "मुद्दाम फाडे का रे ते?"

मी म्हणालो, असतील. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यातले बहुतेक कधीच ऑस्ट्रेलियाला, इंग्लंडला निघून गेले. विचारायला कुणी उरलं नाही.

मग त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह. एकेक उलगडून खिडकीच्या उजेडात धरून पाहत होते. एकावर पुसट अक्षरं: ‘ईएल ८४’. माझ्या अंगावर काटा आला. व्हॉक्स कंपनीच्या ज्या अॅम्पवर बीटल्स वाजवायचे त्यात हेच चार व्हॉल्व्ह असतात. अप्पांना म्हटलं, तर ते म्हणाले, "असतील. चांगला व्हॉल्व्ह आहे. गुजरात्यांच्या पेढीवर रेडिओ होता, त्यातला हा." बीटल्सपेक्षा पेढी त्यांना जास्त जवळची होती.

तेव्हापासून आम्ही एक अॅम्प बांधतोय. चॅसी, म्हणजे पत्र्याचा सांगाडा, जुन्या मर्फी रेडिओची. अप्पांचा हात थरथरतो म्हणून सोल्डरिंग मी करतो आणि ते चष्म्यावरून पाहतात. टाका थंड बसला की नखानं टिचकी मारून सांगतात, "कच्चा आहे. पुन्हा." रोझिनचा धूर नाकात जातो आणि दोघेही खोकतो. अडीचशे व्होल्ट डीसी आहेत, एक हात खिशात ठेव, हे मला, वीज खात्यात तीस वर्षं काढलेल्याला, दर वेळी बजावतात. भांडण एकाच गोष्टीवर आहे. मला वाटतं थोडी गुणगुण राहू द्यावी. ते म्हणतात, घरघर काढल्याशिवाय वस्तू मी कुणाला दिलेली नाही, अन् देणार नाही. त्यांनी घरघर गाळणारे दोन कपॅसिटर जास्तीचे टाकलेत. मी काढलेले नाहीत.

गेल्या पार्टीला अप्पा आले होते. बिनतिखटाचं भरीत आईनं त्यांच्यासाठी वेगळं काढलं, आणि दोघं ओसरीवर मिलोच्या भाकरीबद्दल बोलत बसले, कुणाच्या घरची जास्त वाईट व्हायची यावर. गार्डसाहेबांनी ईगल्स लावले, मास्तरांनी बंद करून किशोरकुमार लावला, सावद्याच्या मित्रानं दोन्हींवर तोंड वाकडं केलं. आत स्वयंपाकघरात बायको एकटी पुऱ्या लाटत होती. मी कणसं न्यायला आत गेलो तर लाटणं खाली ठेवून म्हणाली, "मी रोज दोन वेळा करते त्याला काही नाव नाही. तुम्ही महिन्यातून एकदा विस्तव पेटवला की त्याची पार्टी. फोटो काढता त्याचे." आवाज चढवलेला नव्हता. पुढच्या खेपेपासून पुऱ्या तुमच्या तुम्ही, असं जाहीर करून तिनं हात धुतले, ताट वाढून घेतलं आणि ओसरीवर आई-अप्पांच्यात जाऊन बसली.

पीठ अर्धं उरलं होतं. मास्तर म्हणाले, लाटण्यात काय आहे. कळण्याच्या पिठात ज्वारी नि उडीद, ते गव्हासारखं ओढलं जात नाही, कडेला चिरतं. हे आम्हा चौघांनाही खाण्यापलीकडे माहीत नव्हतं. पहिली पुरी कढईत सोडताना तिचे तीन तुकडे झाले. सावद्याच्या मित्रानं तळहातावर थापून पाहिली, ती बरी जमली, पण मधे कच्ची. गार्डसाहेब झारा धरून उभे होते आणि तेल फार तापलंय की कमी तापलंय यावर वाद चालू होता. ओसरीवरून आईनं हाक मारून विचारलं, "झाल्या का रे?" आम्ही हो म्हणालो आणि तेवढ्याच नेल्या.